बुधवारचे पाच लिटर

अ‍ॅव्हरेजकाका पेट्रोल पंपावर गाडी हलवायचे. टाकी भरून नळी 'टक्' करून बंद झाली, की पंपावरचा माणूस ती काढायला हात पुढे करायचा आणि काका म्हणायचे, "थांब." मग गाडीच्या मागे जाऊन, दोन्ही हात बंपरवर ठेवून ते गाडी पाळण्यासारखी हलवायचे. टाकीत अडकलेली हवा बाहेर यायला हवी, तरच टाकी खरी फुल झाली म्हणायची, असं त्यांचं मत होतं. दोन-चार बुडबुडे आले की पुन्हा हुकूम सुटायचा, "आता घाल. थेंबाथेंबानं." मागे रांगेत हॉर्न वाजायला लागायचे. एकदा कुणीतरी ओरडलं, "अहो काका, गाडी झोपवताय का?" काका मागे वळूनही न बघता म्हणाले, "नाही, तुम्हाला उठवतोय."

असा एखादा माणूस तुमच्याही सोसायटीत असेल. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत हे होते. एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तयार मालाची मापं तपासली होती. निवृत्त झाले, पण मापं घ्यायची सवय काही निवृत्त झाली नाही. शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असायची आणि गाडीत एक लाल वही. त्या वहीत तारीख, किलोमीटर, लिटर आणि शेवटी लिटरमागे किती किलोमीटर पडले तो आकडा, म्हणजेच अ‍ॅव्हरेज. पंप ठरलेला, सोसायटीजवळचाच. नळी ठरलेली, डावीकडून दुसरी. वेळ सकाळी सातच्या आत, कारण तेव्हा पेट्रोल थंड असतं. दुसऱ्या पंपावर भरलेलं पेट्रोल हे त्यांच्या लेखी पेट्रोलच नव्हतं. "पंप बदलला की माप बदललं, आणि माप बदललं की मग गप्पा मारा," असं ते म्हणायचे.

सोसायटीत कुणाला गाडी घ्यायची असली की आधी दुसऱ्या मजल्यावर काकांकडे जायचं, हा शिरस्ता होता. काका चहा द्यायचे आणि माणसाची स्वप्नं चहाबरोबरच बुडवायचे. त्यांचा कौल कायम लहान, बुटक्या गाडीला. एसयूव्ही म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. तळमजल्यावरच्या केळकरांनी न विचारता छोटी एसयूव्ही घेतली, तेव्हा काका पार्किंगमध्ये तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "छान आहे. आता वारा ढकलायला वेगळं पेट्रोल आणि आत चढायला शिडी, एवढं बघा फक्त." केळकर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

आणि मग काकांनी स्वतःच एसयूव्ही घेतली. नवी नाही, आधीच चार-पाच वर्षं वापरलेली. केळकरांचंच मॉडेल, रंग तेवढा वेगळा. कारण काकूंचे गुडघे. लहान गाडीत त्यांना वाकून बसता येईना आणि बसल्या तर उठता येईना. उंच गाडीत सरळ खुर्चीवर बसल्यासारखं बसता यायचं. हे कारण कुणालाही पटलं असतं. काकांनी ते सांगितलं असतं, तर आम्ही चार दिवस चेष्टा करून गप्प बसलो असतो. पण काकांनी ते सांगितलं नाही. त्यांनी मागच्या काचेवर स्वतःच्या सुबक अक्षरात पांढऱ्या रंगानं 'सावकाश' असं लिहिलं आणि महिन्याभरानं लाल वही पार्किंगमध्ये आणली. अ‍ॅव्हरेज होतं सव्वातेरा.

केळकरांच्या गाडीला नऊ पडत होते. "काका, तुमचं काहीतरी चुकतंय," केळकर म्हणाले. काकांनी वही त्यांच्या हातात दिली. "एक माप म्हणजे माप नव्हे. तीन टाक्यांची आहेत, जोडून बघा." केळकरांनी तिथेच उभं राहून मोबाइलवर भागाकार केले. तेरा पूर्णांक दोन, तेरा पूर्णांक चार, तेरा पूर्णांक एक. काका म्हणाले, "गाडी तीच असते हो. चालवणाऱ्याचा पाय वेगळा असतो." पुढची सहा वर्षं केळकर पार्किंगमध्ये खाली मान घालून वावरले. आणि मी, काकांचा ठार भक्त, दर वेळी त्यांच्याकडे बघून गालातल्या गालात हसत असे. आता ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

काकांच्या पायाची ख्याती होतीच तशी. ते डॅशबोर्डवर एक लिंबू ठेवायचे. नजर लागू नये म्हणून टांगतात तसलं नाही, नुसतं मोकळं ठेवलेलं लिंबू. ब्रेक कचकन दाबला की ते घरंगळायचं, क्लच झटक्यात सोडला की घरंगळायचं. अप्पर इंदिरानगरचा चढ असो की मार्केट यार्डाचा चौक, काकांचं लिंबू जागचं हलत नसे. घरी आले की तेच लिंबू काकू वरणभातावर पिळायच्या. "आज पडलं नाही, म्हणून आंबट आहे," असं काहीतरी काका म्हणायचे आणि काकू हसायच्या. काकूंच्या त्या हसण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

काकू गेल्या, त्यानंतर तीन महिन्यांनी काकांनी गाडी मला दिली. "दिली" म्हणजे विकलीच, पण त्यांच्याकडे दुसरे चौघे येऊन गेले होते आणि त्यांनी चौघांनाही नाही म्हटलं होतं. मला म्हणाले, "सतीश, तू वही नीट ठेवशील." माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. मोठ्या माणसानं आपल्या हातात विश्वासानं काही ठेवावं, याची मला केवढी भूक होती, ते तेव्हा माझं मलाही माहीत नव्हतं. किल्लीबरोबर त्यांनी सहा वर्षांची लाल वही दिली. ती मी घरात देवाच्या पोथ्या असतात त्या फडताळात ठेवली, हे अजिबात वाढवून सांगत नाही.

पहिल्या टाकीला मला पावणेनऊ पडले. मी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या टाकीला नऊ. तिसऱ्या टाकीनंतर मी वही घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलो आणि परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा उभा राहिलो. काकांनी आकडे पाहिले.  मग चष्मा काढून म्हणाले, "गाडी तीच आहे, सतीश. रविवारी सकाळी खाली ये."

ते रविवार दोन वर्षं चालले. काका शेजारी बसायचे, डॅशबोर्डवर लिंबू. "तिसऱ्यात घे. आता सोड. अरे सोड म्हणजे टाक नव्हे, सोड." "पुढचा सिग्नल लाल दिसतोय ना? मग कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखा पळतोस कशाला?" मी त्यांच्या शिव्या आनंदानं खाल्ल्या. एसी बंद केला. एप्रिलमध्ये काचाही वर केल्या, कारण उघड्या खिडकीत वारा अडतो. डिकीतल्या जॅक सोडून सगळ्या वस्तू काढल्या. मेधा, माझी बायको, एकदा भाजीच्या पिशव्या घेऊन बसली तर मी म्हणालो, "एवढे बटाटे कशाला घेतलेस?" अ‍ॅव्हरेज साडेनऊच्या वर गेलं नाही. मी माझ्या उजव्या पायाकडे शत्रूसारखा बघायला लागलो होतो.

त्या दोन वर्षांत मधेच मेधाचा विषय निघाला. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिनं चाळिशी उलटल्यावर गाडी शिकून लायसन्स काढलं होतं आणि त्यामागे एकच कारण होतं. तिची आई हडपसरला एकटी राहायची. मनात आलं की किल्ली उचलायची आणि आईकडे जायचं, बसची वाट बघायची नाही, मला विचारायचं नाही, एवढीच तिची इच्छा होती. आठवड्यातून दोनदा ती गाडी न्यायची. काकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "दोन पाय एका वहीत? मग आकडा कसा लागणार? येत्या रविवारी तिला चालवू दे. मी मागे बसतो."

त्या रविवारी मेधानं बिबवेवाडीहून स्वारगेटपर्यंत आणि परत गाडी चालवली. मी तिच्या शेजारी, काका मागे. स्वारगेटला एक रिक्षा आडवी आली, पुढे एका दुचाकीवाल्यानं अचानक वळण घेतलं, आणि लिंबू जागचं हललं नाही. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. उतरल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं. "लिंबू सगळंच सांगत नाही. तिचा पाय जड आहे. काही दिवस तिला देऊ नकोस, मग आकडा बघ." मी हे मेधाला शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "बरं." किल्ली तिनं स्वतःच कपाटात ठेवली आणि पुन्हा मागितली नाही. हडपसरला ती दोन बस बदलून जायला लागली.

त्याच पावसाळ्यात मी बँकेच्या प्रशिक्षणासाठी तीन दिवस नाशिकला गेलो होतो. दुपारी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. शेजारणीला दार उघडता येईना, दुसरी किल्ली मेधाकडे. मेधा लॅबमधून घरी आली, आईच्या घराची किल्ली घेतली आणि बाहेर पडली. रिक्षा मिळाली नाही. पहिली बस मिळाली, दुसरी मिळाली नाही. दार उघडायला तिला दोन तास लागले. तेवढा वेळ सासूबाई ओल्या फरशीवर पडून होत्या आणि आतून शेजारणीला "मेधा निघाली का?" एवढंच विचारत होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी नाशिकहून परत आलो तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं आणि गाडी पार्किंगमध्ये मी लावली तशीच उभी होती. मी मेधाला विचारलं, "गाडी का नाही नेलीस?" तिनं आईची औषधं पिशवीत भरली. मग म्हणाली, "सवय राहिली नाही." मी ते उत्तर तसंच घेतलं.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. वर्षभरानं त्यांचं हडपसरचं घर आवरायला मी गाडी घेऊन चार-पाच खेपा केल्या. शेवटच्या खेपेला पेट्रोलचा लाल दिवा लागला. आजवर मी आपला पंप सोडून कुठे भरलं नव्हतं, पण बिबवेवाडी गाठता येईल असं वाटेना. मनातल्या मनात काकांची माफी मागून मी हडपसरच्या एका पंपात शिरलो. नळी हातात घेतलेल्या बाईंनी आधी गाडीकडे पाहिलं, मग मागे जाऊन काचेवरचं 'सावकाश' वाचलं आणि हसत माझ्या खिडकीशी आल्या.

"ही काकांची गाडी न्हवं? काका बरं हायत ना?"

मी म्हणालो, "बरे आहेत. तुम्ही कशा ओळखता?"

"वळखणार न्हाई व्हय? सहा वर्सं दर हप्त्याला यायचे की. पाच लिटर. जास्त न्हाई, कमी न्हाई. बाई पन असायच्या संगं. पावती दिली तर घ्यायचे न्हाईत. म्हनायचे, वहीत जागा न्हाई."

मी टाकी भरायला सांगितलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. काका आठवड्याला दीडशे किलोमीटर चालवायचे, हे वहीवरून मला पाठ होतं. दीडशेला नऊनं भागलं तर साडेसोळा-सतरा लिटर. वहीत आठवड्याला साडेअकरा पडत होते. मधले पाच लिटर या बाईंच्या नळीतून गेले होते. मागून हॉर्न वाजत होते आणि मला गाडी सुरू करणं सुचत नव्हतं.

घरी येऊन मी वही काढली आणि पानामागून पान वाचत गेलो. सगळ्यात जास्त संताप मला याचा आला, की वहीत एकही आकडा खोटा नव्हता. किलोमीटर खरे, आमच्या पंपावर भरलेले लिटर खरे, भागाकार बिनचूक. तीस वर्षं मापं घेतलेल्या माणसाच्या हातून खोटं माप लिहिलं जाईना, म्हणून त्यानं टाकीत पेट्रोलच चोरून घातलं होतं. ती वही मी पोथ्यांच्या फडताळात ठेवली होती.

काका त्या दिवशी सामान बांधत होते. मुलीनं त्यांना कायमचं नागपूरला बोलावलं होतं, आठवड्याभरात निघायचं होतं. मी दारातूनच म्हणालो, "काका, मी हडपसरला गेलो होतो. गाडीत पेट्रोल भरलं तिथे."

त्यांच्या हातात घडी घातलेला शर्ट होता, तो त्यांनी बॅगेत नीट ठेवला. "बाई अजून आहेत का तिथे?"

"आहेत. दर आठवड्याला पाच लिटर म्हणाल्या. गुरुवारी की शुक्रवारी, ते नाही सांगितलं."

"बुधवारी," काका म्हणाले. "बुधवारी हिला तिकडे मालिशवाल्या बाईंकडे न्यायचो, गुडघ्यांसाठी. येताना भरायचो." मग म्हणाले, "ती हसायची. म्हणायची, अहो, वहीला कशाला फसवताय, केळकरांना सांगून टाका की."

"मग का नाही सांगितलंत?"

"सगळ्यांना शहाणपण शिकवून झालं होतं रे. पहिल्या टाकीला साडेआठ पडले, ते लिहिलेच नाहीत. वाटलं, एवढी एक टाकी सावरून घेऊ, पुढची खरी लिहू."

इथवर मी समजून घेतलं असतं. खरंच घेतलं असतं. म्हाताऱ्या माणसाची ऐट, काकूंचे गुडघे, केळकरांपुढची लाज, सगळं मला दिसत होतं. गाडी विकताना बोलले नाहीत, तेही मी गिळलं असतं. पण ते दोन वर्षांचे रविवार माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. मी आकडे घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो होतो, तेव्हा कारण त्यांना माहीत होतं, आणि तरी शेजारी बसून ते माझा पाय सुधारत राहिले. मी विचारलं, "माझं सोडा. मेधाचा पाय जड आहे, असं का म्हणालात?"

काका खुर्चीवर बसले. "कुणाचा तरी पाय जड असायलाच हवा होता, सतीश. तुझा म्हणून म्हणून मी थकलो होतो. तू इतकं मनावर घेशील, असं वाटलं नव्हतं."

मी त्यांना सासूबाईंचं, त्या दोन तासांचं सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा पडत गेला, ते काहीतरी बोलणार होते, पण मी थांबलो नाही. वही त्यांच्या बॅगेवर ठेवली आणि जिना उतरलो. ज्या माणसाला मी वडिलांच्या जागी बसवलं होतं, त्यानं स्वतःची वही वाचवायला माझं घर वापरलं, एवढंच डोक्यात घोळत होतं. तो राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

संध्याकाळी मेधाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती माझ्याहून जास्त चिडेल. ती पोळ्या लाटत होती. ऐकून घेतलं, तवा उतरवला आणि म्हणाली, "आईला औषध देऊन येते."

काका निघाले त्या सकाळी मी खाली गेलो नाही. सोसायटीतले बहुतेक जण गेले होते, केळकरसुद्धा. मी गॅलरीच्या आतल्या बाजूला, कपड्यांच्या आड उभा होतो. बोलावलेली रिक्षा आली नव्हती. काका दोन बॅगांमध्ये उभे राहून पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते. एकदा त्यांनी वर आमच्या गॅलरीकडेही पाहिलं. तेवढ्यात आत कपाटाचं दार वाजलं. मेधानं किल्ली घेतली होती.

"तू त्यांना सोडायला जाणार?" मी म्हणालो. "त्यांनी काय केलं, ते माहीत असून?"

"गाडी चुकेल त्यांची," ती म्हणाली आणि गेली. दीड वर्षानं ती त्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसत होती. काकांनी तिच्या शेजारच्या सीटचं दार उघडलं, ते पुन्हा लावलं, आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

ती परत येईपर्यंत मला काहीच सुचलं नाही. आली तेव्हा मी दारातच होतो. विचारलं, "काय म्हणाले?"

"वाटेत काही नाही. स्टेशनवर उतरल्यावर हात जोडले. म्हणाले, तुझा पाय हलका आहे, त्या दिवशीही हलकाच होता." तिनं चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"बघ, म्हणजे त्यांना तेव्हाच माहीत होतं. डोळ्यांदेखत फसवलं माणसानं."

मेधानं किल्ली तिच्या पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"काकांनी तुला फसवलं, खरं आहे," ती म्हणाली. "पण ते मागे बसले होते. लिंबू पडलं नव्हतं, सतीश. माझ्या शेजारी तू बसला होतास."